पाण्याची दारं कुणाच्या हाती?

(समुदाय रेडिओवर बचत गटांतल्या मैत्रिणींसाठी झालेलं भाषण)

 

आज मी कालव्याविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, त्यात नवीन काय? आमचा जन्म गेला कालव्याच्या कडेला. खरं आहे. पण मागं एका गटाच्या बैठकीत मी विचारलं, "आपल्या कालव्याचं पाणी येतं कुठून?" उत्तर आलं, "वीरवरून." "आणि चारीला कोण सोडतं?" "पाटकरी." "पाटकऱ्याला कोण सांगतं, किती सोडायचं, कुणाला आधी, कुणाला नंतर?" इथं सगळ्या गप्प झाल्या. मग एक मावशी म्हणाल्या, "ते गडीमाणसं बघतात. आपण आपली दारं धरायची."

दारं धरायची. हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला नको. खोरं घेऊन सरीच्या तोंडाशी उभं राहायचं, एक सरी भरली की तिचं दार मातीनं बुजवायचं आणि पुढचीचं फोडायचं. दार जास्त फुटलं तर पाणी सरी मोडून शेजारी जातं. कमी फुटलं तर शेवटाला पोचतच नाही. पाणी किती सोडायचं आणि कधी तोडायचं, याचा अंदाज तुमच्या पायांना असतो. मला आज एवढंच सांगायचंय, की मोठा कालवासुद्धा याच दारांवर चालतो. दारं मोठी असतात, लोखंडाची असतात, पण हिशेब तोच असतो. ज्या बाईला सरीचं दार कळतं तिला कालव्याचं दारही कळतं.

आपल्या कालव्याकडं वळण्याआधी जरा लांबची गोष्ट सांगते. मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात पनामा कालवा असतो. १९१४ साली तो सुरू झाला. तिथं समुद्रातलं भलंमोठं जहाज सुमारे २६ मीटर वर चढवतात, एका तळ्यातून नेतात आणि दुसऱ्या समुद्रात उतरवतात. जहाज डोंगर कसं चढतं? पायऱ्यांनी. फक्त त्या पायऱ्या पाण्याच्या असतात.

एक लांब हौद डोळ्यांसमोर आणा. त्याला दोन्ही टोकांना दारं आहेत. नाव खालच्या दारातून हौदात आली की ते दार लावायचं. मग वरच्या बाजूनं छोटी झडप उघडून हौदात पाणी घ्यायचं. पाणी चढतं तशी नावही चढते. हौदातलं पाणी आणि वरच्या अंगाचं पाणी एका पातळीला आलं की वरचं दार उघडायचं आणि नाव पुढं जाते. अशा हौदाला लॉक म्हणतात, म्हणजे आपलं कुलूपच. मराठी पुस्तकांत त्याला जलपाश असा शब्द आहे. इंग्लंडात डिव्हायझेस नावाचं एक छोटं गाव आहे. त्या गावाजवळ टेकडीवर असे एकापाठोपाठ २९ हौद आहेत. १८१० साली ते पुरे झाले. तीन-सव्वातीन किलोमीटरच्या अंतरात नाव सुमारे ७२ मीटर चढते किंवा उतरते. ही चढण चढायला आजही पाच-सहा तास लागतात. आपल्या देशातही १८५४ साली सुरू झालेल्या गंगा कालव्यावर, जिथं जिथं पाण्याला मोठी पायरी दिली होती, तिथं बाजूला नावांसाठी अशी कुलपं बांधली होती.

या कुलपाची एक गोष्ट मला फार आवडते. दाराच्या दोन्ही अंगांना पाणी सारखं झाल्याशिवाय ते दार उघडतच नाही. वरच्या अंगाला पाणी जास्त असलं की त्याचा भारच दाराला घट्ट दाबून धरतो. दहा माणसं लावली तरी हलत नाही. पातळी सारखी झाली की एकटं माणूस पाठ लावून ते लाकडी दार ढकलू शकतं. तिथं वशिला चालत नाही, दमदाटी चालत नाही. आधी बरोबरी, मग दार.

आता आपल्या कालव्यावर येऊ. आपला नीरा डावा कालवा नावांसाठी नाही, शेतीसाठी काढलेला आहे. त्यावर नावांची कुलपं नाहीत. पण पाण्याच्या पायऱ्या आहेत आणि दारं तर पुष्कळ आहेत.

१८७६ साली पावसानं दगा दिला आणि दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी सरकारनं दुष्काळी कामं काढली, त्यांत या कालव्याचं काम सुरू झालं. वीरजवळ नीरा नदीला बंधारा घालायचा आणि तिथून पाणी पूर्वेला न्यायचं, असा बेत होता. दुष्काळी कामांवर पुरुषांबरोबर बायका होत्या, लेकरं होती. १८७७ च्या सुरुवातीला मजुरी कापून दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर थोडेसे पैसे इतकी केली. बायकांना त्याहूनही कमी. त्यावर मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सरकारकडं दाद मागितली. दुष्काळी कामावर घमेली-पाट्या डोक्यावर वाहणाऱ्या बायकांची नावं कुठं लिहून ठेवलेली नाहीत. पण कालवा गडीमाणसांचा आहे असं कुणी म्हणालं, तर एवढं लक्षात ठेवा.

१८८५ च्या सुमारास कालव्यात पाणी खेळायला लागलं. नुसत्या नदीच्या पाण्यावर उन्हाळा निघत नाही, म्हणून भोरकडं वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण बांधलं. पुढं ते पाणी अपुरं पडायला लागलं, तेव्हा १९२७ च्या सुमारास त्याच भागात आजचं मोठं धरण उभं राहिलं. त्यानंतर वीरचं धरण झालं, आणि अलीकडं नीरा देवघर आणि गुंजवणी. या चार धरणांचं पाणी आज नीरेच्या दोन्ही कालव्यांना आधार देतं. उजवा कालवा फलटण, माळशिरसकडं जातो. डावा आपल्याकडं येतो. नदीच्या वाहण्याच्या दिशेला तोंड करून उभं राहिलं की आपली गावं डाव्या हाताला येतात, म्हणून तो डावा. दीडशे किलोमीटरहून अधिक लांब, पुरंदर, बारामती, इंदापूर अशा तालुक्यांतून जाणारा, आणि सुमारे ३७ हजार हेक्टर रान भिजवण्यासाठी आखलेला.

आता एक गंमत बघा. नीरा नदी खालून वाहते आणि कालवा वरच्या अंगानं जातो. दोघांचं पाणी एकच, मग कालवा वर कसा राहतो? तर नदीला उतार जास्त आणि कालव्याला अगदी कमी. इतका कमी, की काठानं चालताना डोळ्यांना कळत नाही. त्यामुळं जितकं पुढं जावं तितकी नदी खाली राहते आणि कालवा उंचावर. या दोघांच्या मधलं रान म्हणजे लाभक्षेत्र. तिथं पाणी मोटारीशिवाय आपल्या पायांनी उतरतं.

उतार कमी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. पाणी फार जोरात पळालं तर काठ खातं. फार हळू गेलं तर गाळ बसतो, पाणगवत माजतं. मग जमीन जिथं जास्त उतरते तिथं काय करायचं? तिथं दगडी बांधकामाची पायरी करतात आणि पाणी एकदम खाली सोडतात. त्याला कुणी धबधबा म्हणतं, कुणी फॉल. पायरीच्या पायथ्याशी खोलगट हौद असतो. वरून पडणारं पाणी त्यात घुसळून निघतं, त्याचा जोर मरतो, आणि मग ते शहाण्यासारखं पुढं जातं.

इथं थांबून एक काळजीची गोष्ट सांगते. त्या घुसळणाऱ्या पाण्यात कधी उतरू नका. वरून शांत दिसतं, पण आतलं पाणी माणसाला खाली ओढतं आणि पुन्हा पायरीकडंच फेकतं. पोहणाराही तिथं हरतो. आवर्तन चालू असताना पायरीजवळ धुणं नको आणि लेकरं तर नकोतच. कुणी पडलंच तर मागोमाग उडी टाकू नका. साडी, दोर, बांबू, हाताशी असेल ते त्याच्याकडं टाका आणि माणसं बोलवा.

पायऱ्या झाल्या, आता दारं. कालव्यातून फाटा निघतो त्याच्या तोंडाशी दार असतं. फाट्यातून चारी निघते तिथं दार. चारीतून पोटचारी, पोटचारीतून शेतातला दंड, आणि शेवटचं दार तुमच्या खोऱ्याखालचं. वीरपासून तुमच्या सरीपर्यंत पाणी असं एकेका दारातून येतं. यातलं एक दार जरी कुणी वेळेआधी उघडलं किंवा वेळ संपल्यावर उघडं ठेवलं, तरी खालच्या बाईची सरी कोरडी राहते. ती रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दंडावर उभी असते. विंचू-काट्याचं भय, घरी लेकरं झोपलेली, आणि पाणी येत नाही.

नावांच्या कुलपाला पाणीच शिस्त लावतं. आपल्या दारांना तशी शिस्त नाही. ती माणसांनी ठरवायची असते. म्हणून कागद असतो, यादी असते, पाळी असते.

ती शिस्त अशी. हंगामाच्या आधी पाण्याची मागणी नोंदवायची. त्याचा अर्ज म्हणजे सात नंबरचा फॉर्म. धरणात किती पाणी आहे ते बघून किती आवर्तनं द्यायची हे ठरतं. आवर्तन सुटलं की आधी शेवटाकडच्यांना, मग वरच्यांना, असा नियम आहे. टेल टू हेड म्हणतात ते हेच. आणि चारीवर शेजपाळी, म्हणजे शेताला लागून शेत, क्रमानं.

शेवटाला आधी का? कारण पाणी वरच्या अंगाला आयतंच असतं. खालच्याला ते कुणीतरी पुढं जाऊ दिलं तरच मिळतं. हा विचार आजचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एम. विश्वेश्वरय्या पुणे भागात पाटबंधाऱ्यांचे इंजिनिअर होते. वरच्या गावांत वाटेल तसा ऊस होतोय, पाणी तिथंच मुरतंय आणि पुढच्या गावांना मिळत नाही, हे त्यांनी पाहिलं. मग त्यांनी ब्लॉक पद्धत बसवली. गावोगाव ठरावीक रानाचे गट पाडायचे, त्यातल्या साधारण एक तृतीयांश भागातच ऊस घ्यायचा, उरलेल्यात कमी पाण्याची पिकं, आणि दरवर्षी फेरपालट. पाणी जास्त गावांना पोचावं आणि एका जागी साचून जमीन बिघडू नये, असे दोन हेतू त्यात होते.

जमीन बिघडण्याची गोष्ट खरी ठरली. १९१० साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास छापला. म्हणजे कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षं होतात न होतात तोच पांढरी फुटायला लागली होती. असं का होतं? पाण्याचा माठ आठवा. बाहेरून पाझरतो आणि काही दिवसांनी त्यावर पांढरं पुट चढतं. पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतो. काळ्या रानात सारखं पाणी दिलं की खालचं पाणी वर येतं, उन्हानं उडतं आणि क्षार वरच बसतो. मुळांना श्वास मिळत नाही. ऊस पिवळा पडतो. आपण म्हणतो, पाणी कमी पडलं, आणि आणखी पाणी देतो.

म्हणून मैत्रिणींनो, दार उघडण्याइतकंच दार वेळेवर बंद करणं महत्त्वाचं आहे. वरच्या रानाला जास्तीचं पाणी मिळतं म्हणजे त्याचा फायदाच होतो, असं नाही. तो स्वतःची जमीन मीठ घालून मारत असतो आणि खालची तहानेनं मरत असते. रानात पांढरी दिसली तर माती परीक्षण करून घ्या. निचऱ्याचे चर मोकळे करा. ताग, धैंचा पेरून फुलात येण्याच्या सुमारास गाडा. उसाला ठिबक करता आलं तर करा. नीरेजवळ पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आहे. तिथून आलेली फुले २६५ ही जात खारवट रानात इतर जातींपेक्षा तग धरते. पण जात बदलली म्हणून निचरा टाळता येत नाही.

अलीकडं आणखी एक वाद तुमच्या कानावर असेल. कालव्याला आतून अस्तर करायचं की नाही? अस्तर केलं तर पाझर थांबतो आणि शेवटाला पाणी जास्त पोचतं. पण त्याच पाझरावर काठच्या विहिरी भरतात, कित्येकींच्या घरचं पिण्याचं पाणी त्यावर आहे. शेवटची बाई अस्तर मागते आणि काठची बाई नको म्हणते. दोघींचंही खरं आहे. असा प्रश्न एकीनं ओरडून सुटत नाही. दोघी एका जागी बसल्या, कुणाची विहीर कुठं आणि कुणाचं रान कुठं हे कागदावर आलं, तरच काही वाट निघते.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज बोलायला आले ती सांगते. त्या जागी बसायचा हक्क कुणाला आहे? महाराष्ट्रात २००५ साली शेतकऱ्यांकडून पाणी व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्याप्रमाणं पाणीवापर संस्था होतात आणि त्यांच्या कारभारी मंडळात चारीच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागाला सारख्या जागा असतात. आधी बरोबरी, मग दार, हेच ते. पण सभासद कोण होतं? ज्याचं नाव जमिनीच्या कागदावर आहे तो. आणि सात-बारावर आपल्यापैकी कितीजणींचं नाव आहे?

आमच्या ओळखीतली एक बाई आहे. नवरा गेला. दीड एकर रान चारीच्या शेवटाला. दोन वर्षं तिनं वारसनोंद केली नाही. दुःखात कोण तलाठ्याकडं जातं, आणि दीर म्हणाले, आम्ही आहोत की. सात नंबरच्या फॉर्मवर दिरांची सही, पाळी दिरांच्या रानाला आधी, हिच्या रानाला उरलं तर. ती रात्रभर दारं धरायची, पण यादीत तिचं नावच नव्हतं. तक्रार कुणाच्या नावानं करणार? मग गटातल्या दोघी तिच्यासोबत गेल्या. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती, अर्ज. नोंद व्हायला वेळ लागला, पण झाली. पुढच्या हंगामात फॉर्म तिनं स्वतःच्या नावानं भरला. पाणी एकदम धो धो आलं असं नाही. पण पाळी चुकली त्या दिवशी ती कार्यालयात जाऊन म्हणाली, "यादीत माझं नाव आहे. माझी पाळी कुठं गेली?" आणि समोरच्याला यादी काढावी लागली.

तर तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत चार कामं करा. एक, प्रत्येकीनं घरचा सात-बारा आणावा आणि नावं वाचावीत. घरात कुणी वारलं असेल तर वारसनोंदीचा अर्ज द्यावा. कायद्यानं तो तीन महिन्यांत द्यायचा असतो, पण उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. दोन, नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव लावायची सोय आहे, लक्ष्मीमुक्ती योजना म्हणतात तिला. नवऱ्यानं स्वतः अर्ज करायचा असतो, तेव्हा घरी गोडीनं विषय काढा. तीन, आपली चारी कोणती, आपण वर, मध्ये की शेवटाला, आणि आपल्या चारीवर पाणीवापर संस्था आहे का, हे विचारून घ्या. चार, आवर्तन सुटलं की पाणी आपल्या दाराशी कधी आलं आणि कधी तुटलं, हे वहीत लिहा. तारीख आणि वेळ. बचतीचा हिशेब लिहिता तसाच. ही वही पुढं फार कामाला येते.

त्या बैठकीतल्या मावशींना मी शेवटी विचारलं, "मावशी, तुम्ही किती वर्षं दारं धरताय?" त्या म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून. चाळीस वर्षं झाली असतील." मी म्हटलं, "मग चाळीस वर्षांचा अनुभव असलेलं माणूस पाण्याच्या बैठकीत का नाही?" त्या हसल्या. पण पुढच्या वेळी येताना पिशवीतून सात-बारा घेऊन आल्या. त्यावर त्यांचं नाव नव्हतं. आता अर्ज गेलाय.

तुमच्या चारीचं काय झालं ते आम्हाला जरूर कळवा.